गाण्यांची वेबसाइट : आधी वही, मग संगणक

मी ताथवड्याहून बोलते आहे. महिला बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. म्हणजे बैठका, पासबुकं, बँकेच्या चकरा आणि हप्त्यांचे हिशोब. आज मात्र विषय वेगळा आहे. आपली गाणी आपणच लोकांना ऐकवायची, त्यासाठी स्वतःची वेबसाइट करायची, तर त्याला काय काय लागतं, हे मला सांगायचं आहे. मी संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही. बी.ए. झालेली बाई आहे. त्यामुळे मला जसं समजलं तसंच सांगते.

सुरुवात एका लग्नापासून झाली. माझ्या चुलत सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत, माहेर मुळशीतलं. नात्यातल्या एका हळदीला घाणा भरताना त्यांनी जात्यावर दोन-चार ओव्या म्हटल्या. कुणीतरी मोबाइलवर घेतल्या. दोन महिन्यांनी आमच्याच गटातल्या एकीनं बैठकीत फोन पुढं केला. त्यात सासूबाईंचा आवाज होता. खाली ढोलकीचा ठेका चिकटवलेला, वर नाचणारी चित्रं, आणि नावाच्या जागी लिहिलेलं, 'गावाकडची आजी'. ऐकणारे हजारोंनी होते. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "समदं हाय, पर माझं नाव कुठाय गं त्यात?"

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून गटानं ठरवलं की आपल्या बायकांची गाणी आपण स्वतः जपायची आणि स्वतःच ऐकवायची.

लेबल म्हणजे काय

गाणी काढणाऱ्या कंपनीला 'लेबल' म्हणतात. हा शब्द आला ग्रामोफोनच्या तबकडीवरून. तबकडीच्या मधोमध गोल कागद चिकटवलेला असायचा, त्यावर कंपनीचं, गाण्याचं आणि गाणाऱ्याचं नाव. तो कागद म्हणजे लेबल. पुढं कंपनीलाच लेबल म्हणायला लागले. मोठ्या कंपनीच्या हाताखाली न जाता चार माणसं मिळून स्वतःची गाणी स्वतः काढतात, तेव्हा ते झालं स्वतंत्र लेबल. एखादा बचत गटही असं लेबल होऊ शकतो. लोणच्याच्या बाटलीवर आपण गटाचं नाव लावतो ना, तसंच.

इथं मला एक जुनी गोष्ट फार आवडते. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. गाणं संपल्यावर त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कुणाची हे कळायला हवं होतं. शंभर वर्षांवर काळ लोटला, तरी त्या बाईंचं नाव त्यांच्या गाण्याला चिकटून राहिलं आहे. आमच्या सासूबाईंच्या आवाजापासून त्यांचं नाव सुटायला मात्र दोन महिने पुरले.

स्ट्रीमिंग म्हणजे घागर नव्हे, नळ

पूर्वी गाणं फोनमध्ये उतरवून घ्यावं लागे. विहिरीवरून घागर भरून आणली की मग पाणी प्यायचं, तसं ते होतं. स्ट्रीमिंग म्हणजे नळ. पाणी टाकीतच असतं. आपण तोटी सोडली की हवं तेवढं येतं. गाणं दूरच्या संगणकावर असतं, त्याला सर्व्हर म्हणतात. आपण बटण दाबलं की तो गाण्याचे छोटे छोटे तुकडे पाठवू लागतो. पहिले काही तुकडे आले की गाणं सुरू होतं, आणि ते वाजत असतानाच पुढचे येत राहतात. डोंगराकडेला रेंज गेली की गाणं मध्येच थांबून चकती फिरत राहते, ते तुकडे संपल्यामुळे.

या नळाला किती पाणी लागतं, हे आधी मोजावं. ध्वनिमुद्रणाची मूळ, न दाबलेली फाइल मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५० एमबीच्या वर गेलं. ते तसंच ठेवलं तर ऐकणारीचा नेटपॅक पार संपेल. म्हणून ऐकवण्यासाठी फाइल दाबून लहान करतात. नेहमीच्या एमपी३ फाइलला मिनिटाला सुमारे १ एमबी पुरतो. नुसता बाईचा आवाज आणि जात्याची घरघर असेल, तर त्याच्याही निम्म्यात भागतं. पाच मिनिटांची ओवी मग अडीच एमबीत बसते. दोन्ही फाइली ठेवायच्या. मोठी आपल्या कपाटात जपायची आणि लहान वेबसाइटवर ऐकवायची. तीनशे गाण्यांच्या मोठ्या फाइली धरल्या तरी १६ जीबी होतील. त्या एका पेनड्राइव्हवर मावतात.

वेबसाइटला आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे नाव, त्याला डोमेन म्हणतात. ही दारावरची पाटी समजा. दुसरी म्हणजे जागा, त्याला होस्टिंग म्हणतात. ही भाड्याची खोली. आमच्या ताथवड्यात हिंजवडीच्या कंपन्यांत जाणाऱ्यांना खोल्या भाड्यानं देणारी घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे बायकांना हे लगेच समजलं. पाटी आणि खोली दोन्हींचे पैसे ठरल्या मुदतीला भरावे लागतात, बहुतेक दर वर्षी. मुदत चुकली तर पाटी दुसरा कुणी घेऊ शकतो. म्हणून ही दोन्ही गटाच्या नावावर घ्यायची, आणि पासवर्ड एकीच्या डोक्यात न ठेवता बंद पाकिटात घालून दप्तरात ठेवायचे. करून देणारी मुलगी लग्न होऊन गेली किंवा नोकरीला लागली, तर दाराची किल्ली तिच्याबरोबर जायला नको.

आपल्याच डोंगरात झालेलं काम

हे कुणी आधी केलं आहे का, म्हणून शोधलं, तर ते आमच्या शेजारीच सापडलं. पुण्याचे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर १९८० च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरांतल्या बायकांमध्ये काम करत होते. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे, नंतर भारताचे नागरिक झाले. बायकांच्या मनातलं समजून घ्यायचं, तर त्यांच्या ओव्या ऐकाव्या लागतील, हे त्यांच्या लक्षात आलं. सासरचा जाच, माहेरची वाट, भावाची माया, लेकीचा जन्म, पाऊस, गरिबी, सगळं बाई पहाटे जात्याला सांगत होती. गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि त्याबरोबर ओव्याही थांबायला लागल्या होत्या.

त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी महाराष्ट्रातल्या एक हजाराहून जास्त गावांतून, तीन हजारांहून जास्त बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. साथीदारांत गावातल्या बायकाही होत्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. त्यांनी हजारो ओव्या डिजिटल फितींवर मुद्रित केल्या आणि सगळ्याची संगणकावर यादी बांधली.

पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये गेल्या. पण काम थांबलं नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या वेबसाइटवर मार्च २०१७ पासून या ओव्या येऊ लागल्या. तिथं ओवीचा मजकूर वाचता येतो, मुद्रण असेल तर आवाज ऐकता येतो, आणि अनुवादही मिळतो. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पानाच्या खालचं. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, तिचा व्यवसाय, मुलंबाळं, मुद्रण कधी झालं ती तारीख. मुळशीतल्या कोळवड्यासारख्या लहान गावातल्या बाईचंही नाव तिथं आहे.

इतक्या वर्षांनी ही गाणी जगाला ऐकवता आली, कारण लिहून घेणाऱ्यांनी तेव्हाच नोंद नीट ठेवली होती. त्या काळी या डोंगरात इंटरनेटची वेबसाइट कुणाच्या डोक्यातही नव्हती. फिती जुन्या झाल्या, यंत्रं बदलली, माणसं गेली, पण कोणता आवाज कुणाचा हे नोंदीत होतं. नोंद नसती, तर त्या लाख ओव्या म्हणजे 'गावाकडची आजी' असं लिहिलेला एक मोठा ढीग झाला असता.

वहीचे रकाने

म्हणून आम्ही संगणकाच्या आधी एक जाड वही आणली. बचत गटाच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र काय? नियमित लेखा. ते आपल्याला पाठ आहे. तेच इथं वापरायचं. प्रत्येक गाण्याला एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक फाइललाही द्यायचा. मग रकाने असे आखले : गाणारीचं पूर्ण नाव, तिला हवं तसं. माहेरचं गाव आणि सासरचं गाव. गाणं कुणाकडून शिकली. साथीला कोण होतं. मुद्रणाची तारीख आणि जागा. गाण्याचा विषय. गाण्याचे शब्द जसे म्हटले तसे, शुद्ध न करता.

माहेरचं नाव हवं की सासरचं, हेही तिलाच विचारायचं. आमच्या एका मावशींनी दोन्ही सांगितली. "वव्या माहेरच्या हायेत, मग नाव एकट्या सासरचं कशापायी?" म्हणाल्या.

शेवटचा रकाना आम्हाला एका बाईमुळे सुचला. तिनं सासूच्या जाचाची ओवी म्हटली. छान म्हटली. मग घाबरून म्हणाली, "ही माझ्या घरातलं ऐकतील." तेव्हापासून वहीत एक रकाना आहे, 'ऐकवायची की नुसती जपायची'. गाणं मुद्रित झालं म्हणजे ते जगासाठी खुलं झालं, असं धरून चालायचं नाही.

परवानगी आणि कायदा

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ओवीचे शब्द कुणा एकाच्या मालकीचे नसतात. पण ती जी बाई गाते, तिच्या गाण्यावर तिचा हक्क असतो. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात याला सादरकर्त्याचा हक्क म्हणतात, आणि तो ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सादर करणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपलं गाणं बदनामी होईल असं मोडूनतोडून वापरलं तर हरकत घेण्याचा हक्कही आहे. व्यापारी वापर झाला तर त्यातला वाटा मागता येतो. हे कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे मी उगाच नव्हती इचारत!"

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनंच दिला जातो. कागदात कोणतं गाणं, कोणता हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशापुरता आणि किती मोबदला हे असायला हवं. वर्षं लिहिली नसतील तर कायदा पाचच धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. पण 'कायमचे सर्व हक्क' असं छापलेल्या कोऱ्या कागदावर सही केली, की मग भांडणं अवघड जातं. चित्रीकरणाला लेखी संमती देतानाही जपून, कारण एकदा दिली की त्या चित्रफितीचा वापर अडवणं सोपं नसतं. शंका असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावं. बायकांना तिथं मोफत सल्ला मिळतो.

आमचा परवानगीचा कागद एका पानाचा आहे. त्यात लिहिलं आहे की ही गाणी गटाच्या वेबसाइटवर ऐकवायला पाच वर्षांची परवानगी आहे. जाहिरात, चित्रपट किंवा दुसरी कंपनी यांसाठी पुन्हा विचारायचं. पैसे आले तर वाटणी बैठकीत सगळ्यांसमोर. आणि गाणारीला नको वाटलं, तर गाणं उतरवायचं, कारण विचारायचं नाही. जिला वाचता येत नाही तिला तो मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि तिचं 'होय' तिच्याच आवाजात मुद्रित करून ठेवतो.

पान कसं असावं

गटातल्या एकीची मुलगी संगणक इंजिनिअरिंगला आहे. तिनं आधी फार सुंदर पान केलं होतं. काळी पार्श्वभूमी, हलणारी अक्षरं. आम्ही ते बैठकीत फिरवलं. चाळिशीच्या पुढच्या एकीलाही बटण सापडलं नाही. मग तिनं सगळं पुन्हा केलं. आता गाणारीचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात तिचं नाव आणि गाव, आणि अंगठ्याएवढं एकच बटण. आपोआप काही वाजत नाही, कारण नेटपॅक ऐकणारीचा असतो. वेगळं ॲप नाही. फोनमधल्या ब्राउझरला आवाज वाजवता येतोच.

गाणी शोधायला तीन वाटा ठेवल्या : बाईचं नाव, गाव आणि विषय. विषय आपल्या शब्दांत, म्हणजे माहेर, भाऊ, लेक, पाऊस, पंढरी. तिनं एक बारकी गोष्ट शिकवली. लोक गावाचं नाव मराठीत लिहितात, इंग्रजी अक्षरांतही लिहितात, आणि कुणी 'ओवी' म्हणतं तर कुणी 'ओव्या'. ही सगळी रूपं यादीत घातली नाहीत, तर गाणं असूनही सापडत नाही. प्रत्येक गाण्याचं स्वतंत्र पान आणि स्वतंत्र पत्ता आहे. तो व्हॉट्सॲपवर पाठवला, तर गाण्याबरोबर नावही जातं.

कुणी विचारेल, एवढं कशाला? फुकटच्या मोठ्या साइटवर टाकलं तर? टाकावं की. तिथं ऐकणारे जास्त असतात. पण ते घर दुसऱ्याचं. 'मायस्पेस' नावाची साइट एके काळी जगभर गाजलेली होती. असंख्य कलाकारांनी आपली गाणी तिथं ठेवली. २०१९ मध्ये तिनं सांगितलं की सर्व्हर हलवताना बारा वर्षांतली गाणी गेली, परत मिळणार नाहीत. ज्यांनी घरी प्रत ठेवली नव्हती त्यांचं सगळं गेलं.

त्यांना हसायला मी मोकळी नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या एका आजींच्या सात ओव्या मी माझ्या फोनवर घेतल्या होत्या. उतरवून घेऊ सावकाश, म्हणत राहिले. फोन पाण्यात पडला. पुन्हा जायचं म्हणत होते, तोवर आजी गेल्या. माझ्या वहीत त्यांचं नावही नाही, कारण तेव्हा वहीच नव्हती. म्हणून आता आमचा नियम आहे, प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती. एक पेनड्राइव्ह दप्तरात, एक दुसऱ्या घरात, एक इंटरनेटवर. आणि त्याच दिवशी. दर सहा महिन्यांनी तिन्ही उघडून बघायच्या, जशी बरणीतली डाळ बघतो तशा.

पैशाबद्दल खरं सांगते. गाणं ऐकवून गट श्रीमंत होत नाही. एकेका ऐकण्याचे मिळतात ते पैसे फार थोडे, तेही लाखोंनी ऐकलं तर. आमचा खर्च आम्ही पापड आणि मसाल्याच्या नफ्यातून बाजूला काढतो. कार्यक्रमाचं आमंत्रण आलं तर मानधन ठरवून घेतो. आधी ठरवतो, नंतर गातो.

आतापर्यंत पाच जणींच्या अडतीस ओव्या झाल्या आहेत. त्यातल्या एकतीस ऐकवायच्या, सात नुसत्या जपायच्या. गेल्या महिन्यात सासूबाईंचं मुद्रण झालं. पंखा बंद केला, फोन गादीवर ठेवला, जात्यात मूठभर गहू टाकले. ओवी संपली, तरी त्या थांबल्या नाहीत. फोनकडे वाकून आपलं नाव, नवऱ्याचं नाव, माहेरचं गाव आणि सासरचं गाव खणखणीत आवाजात सांगितलं. मुलगी म्हणाली, "हे कापू का?" मी म्हटलं, राहू दे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात वेबसाइट आज होणार नाही कदाचित. पण वही आजच होईल. येत्या बैठकीत हिशोब झाला की एक प्रश्न विचारा, आपल्या गावात गाणाऱ्या बायका कोण कोण आहेत? पहिल्या पानावर त्यांची नावं लिहा. सगळ्यात वयस्कर बाईकडे याच आठवड्यात जा. नमस्कार.